पातळ पत्र्याचं जहाज

उर्वशीला दवाखान्यातून घरी आणलं त्याला चार महिने होत आले, तरी धर्मपाल भगतांना आपल्या सुनेशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. पाचव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. पहिले आठ दिवस गल्लीतल्या बायका येऊन बसून गेल्या. संघदीप, म्हणजे धर्मपालांचा मुलगा, राजूरच्या कोळसा खाणीतून रजा काढून पंधरा दिवस घरी राहिला. मग त्याची खाणीतली पाळी लागली आणि तो गेला. आता तो आठवड्याच्या सुटीला बोरी अरबला घरी यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जायचा. बाकी दिवस घरात तिघंच, धर्मपाल, त्यांची बायको इंदूबाई आणि उर्वशी.

धर्मपाल तेहेतीस वर्षं कृषी सहायक होते. गावोगावच्या वावरात जाऊन कपाशीवर कोणती अळी पडली, तूर कशाने पिवळी पडली, ते सांगणं हे त्यांचं काम. अनोळखी माणसाशी बांधावर उभं राहून ते तासभर बोलत. घरात मात्र सून चहाचा कप पुढे ठेवायची, ते "ठेव बेटा" म्हणायचे, आणि दोघांचं बोलणं तिथेच संपायचं.

दुपारची जेवणं आटोपली की उर्वशी पुढच्या खोलीतल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायची. ती मुकुटबनची, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली, आणि तो लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या दिवसांतला होता. त्यावर ती एक खेळ खेळायची. काळ्या आभाळात जहाजं, मध्ये चमकणाऱ्या रेघा, आणि अधूनमधून एखादं जहाज फुटून त्याचा पांढरा फुगा व्हायचा. धर्मपाल बाजूच्या खाटेवर पेपर घेऊन बसत. एकदा ते इंदूबाईंना म्हणाले, पोरगी चार-चार तास त्या डब्यात डोळे घालून बसते, हे काही बरं नाही.

"बसू द्या तिले," इंदूबाई म्हणाल्या. "पलंगावर पडून भितीकडं पाह्यत राह्यते त्यापेक्षा बेस हाय. निदान हात तरी हालते तिचा."

धर्मपालांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पण पेपरच्या कडेवरून ते पाहू लागले. तेहेतीस वर्षं त्यांनी कपाशीची पानं उलटून पाहण्यातच घालवली होती, नजर आपोआप जायची. चार-पाच दिवसांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. उर्वशी रोज हरत होती, आणि दर वेळी तिचं पहिलं फुटायचं ते एकच जहाज, मधोमध उभं असलेलं, हिरव्या दिव्याचं. त्याच्याभोवती मोठमोठी जहाजं पहाऱ्याला असूनही.

एके दुपारी ते हिरवं जहाज फुटलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे पुन्हा गेलं."

उर्वशीने वळून पाहिलं. "तुमी पाह्यता का बाबा?"

"पाह्यतो थोडंथोडं. पयले हेच काहून मरते?"

तिने खुर्ची बाजूला सरकवली, त्यांना पडदा नीट दिसावा म्हणून. खेळाचं नाव 'ध्रुवपार', पुण्यातल्या काही पोरांनी बनवलेला. लढाईआधी दोन्ही बाजूंना सारखंच पोलाद मिळतं, शंभर टन. त्यातून आपला तांडा बांधायचा. सगळ्यांत मोठं जहाज म्हणजे किल्ला. मधल्या मापाची ती तलवार. आणि हे हिरव्या दिव्याचं ते वैदू. ते लढत नाही, बाकीच्यांची मोडतोड दुरुस्त करतं. लढाई सुरू झाली की जहाजं पुढंमागं नेता येतात, पण गोळा कोणावर टाकायचा ते सांगता येत नाही. ते तोफा आपल्या आपणच ठरवतात.

"म्हंजे सारी अक्कल बांधतानाच लावा लागते," धर्मपाल म्हणाले.

"हो."

"अन् तोफा कशावरून ठरवते, पयले कोणाले मारायचं ते?"

"ते कोणालेच माहीत नाही. कंपनीनं सांगतलं नाही. लोक म्हणते जवळ असंल त्याले मारते. म्हणून सारे वैदूच्या चारी बाजूनं पहारा ठेवते."

"पण जवळच्याले मारून नाही राह्यल्या त्या. पहाऱ्याच्या मधून आत मारून राह्यल्या."

उर्वशी पडद्याकडे पाहत राहिली. झालेली लढाई पुन्हा लावून पाहता येत होती, तिने ती लावली. शत्रूचा पहिला गोळा दोन मोठ्या जहाजांच्या मधल्या फटीतून थेट वैदूवर जात होता.

धर्मपाल उठले आणि कपाटातून एक कोरी वही घेऊन आले. नोकरीत असताना ते झाडागणिक बोंडअळ्या मोजून लिहीत, त्याच रकान्यांची. त्यांनी पहिल्या पानावर तारीख घातली. "लाव पुन्हा. हळू लाव. कोणत्या तोफेनं पयले कोणाले मारलं तेवढंच सांग, मी लिवतो."

पुढचे पंधरा दिवस सासरा आणि सून रोज दुपारी लढाया लावून बसले. तिच्या जुन्या हरलेल्या लढाया, दुसऱ्या लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या लढाया. इंदूबाई शेंगा फोडत दारातून पाहत बसत. वहीची चाळीस पानं भरली तेव्हा धर्मपालांना तोफांची रीत दिसायला लागली. तोफा दोन जातीच्या होत्या. जड तोफा समोरच्या तांड्यातलं सगळ्यांत मोठं जहाज शोधत. ते संपलं की त्याखालचं. हलक्या तोफांना लांबी-रुंदीशी देणंघेणं नव्हतं. टप्प्यात असलेल्या जहाजांपैकी ज्याचा पत्रा सगळ्यांत पातळ, त्याच्यावर त्या सुटत. आणि वैदूचा पत्रा सगळ्यांत पातळ होता.

"पाह्य, साधी गोष्ट हाय," ते आनंदाने म्हणाले. वहीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. "तू कितीबी पहारा ठेव, काही फायदा नाही. ज्याचं अंग नाजूक थेच पयले जाते. मधात ठेव, नाही तर पदराखाली झाकून ठेव, थे जाणारच."

 उर्वशीने लॅपटॉप मिटला, ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

धर्मपालांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचं बोट अजून वहीवरच होतं.

इंदूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. त्या आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "तुमाले काही अक्कल हाय का नाही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चार महिने झाले, ती हेच मनात धरून बसली. का आपून जपलं नाही. अन् तुमी म्हणता, जपून फायदाच नाही."

"मी जहाजाचं बोलून राह्यलो होतो."

"तुमी जहाजाचं बोलले. तिनं कायचं ऐकलं?"

त्यानंतर तीन दिवस लॅपटॉप मिटलेलाच होता. उर्वशी घरातली सगळी कामं करत होती, चहा पुढे ठेवत होती, पण वर पाहत नव्हती. धर्मपालांनी वही कपाटात वरच्या फळीवर टाकली. त्यांना माफी मागायची होती, पण माफी मागायची तर ती गोष्ट पुन्हा बोलावी लागणार होती. दोनदा ते तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते उन्हातच बाजाराच्या टोकापर्यंत फिरून आले, काही काम नसताना.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर ते खाटेवर पडले होते. उर्वशीने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून वही काढली आणि टेबलावर उघडली.

"बाबा, तुमी मनले का पातळ पत्र्याचं पयले जाते."

धर्मपाल उठून बसले. "बेटा, मले तसं म्हणायचं नव्हतं..."

"ऐका ना. वैदूपेक्षा पातळ काही ठेवलं तर?"

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

"रिकामं जहाज बांधायचं," ती म्हणाली. "त्यात तोफ नाही, काही नाही, नुसता पापुद्रा. अर्धा टनसुद्धा लागत नाही. हलक्या तोफा पयले त्याच्यावर जाईन. तोवर वैदू आपलं काम करीन."

"पोचट," धर्मपाल म्हणाले. आत कापूस न भरलेल्या बोंडाला ते हाच शब्द वापरत.

"हो, पोचट." ती किंचित हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्या दुपारी तिने वीस पोचट बांधले आणि एका अनोळखी खेळाडूशी लढाई लावली. सुरुवातीची चार मिनिटं जसं ठरवलं होतं तसंच झालं. शत्रूच्या हलक्या तोफा वीस पापुद्र्यांच्या मागे लागल्या, वैदू मधोमध शांत उभं होतं. मग शत्रूच्या तोफा भराभर चालायला लागल्या. आधी सेकंदाला एक गोळा, मग दोन, मग मोजता येईनात. सातव्या मिनिटाला उर्वशीकडे एकही जहाज उरलं नाही.

"असं काहून झालं?" धर्मपालांनी विचारलं.

"जोश," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "जहाज फोडलं का फोडणाऱ्याचा जोश वाढते, त्याच्या तोफा फास्ट होते. आपूनच त्याले वीस जहाजं फुकटात फोडाले देल्ली."

धर्मपालांनी वही मिटली. मग त्यांनी तिला देवसिंगची गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरात कधीच सांगितली नव्हती.

देवसिंग राठोड जवळच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. पंधरा वर्षांपूर्वी धर्मपालांनी त्याला कपाशीच्या चारही बाजूंनी एरंडीची ओळ लावायला सांगितली होती. पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगाला एरंडी फार आवडते, तो कपाशी सोडून आधी एरंडीवर अंडी घालतो. सापळा पीक म्हणतात त्याला. अंडी एरंडीवर आली की ती पानं तोडून नष्ट करायची, म्हणजे कपाशी वाचते. देवसिंगने विश्वासाने ओळ लावली. अंडी आलीही. पण नेमकं त्या वेळी धर्मपालांना वीस दिवसांसाठी मुकुटबनकडे दुसऱ्या कामावर पाठवलं, आणि पानं तोडायची आहेत हे त्यांनी देवसिंगला बजावून सांगितलं नव्हतं. सांगू, येऊ तेव्हा दाखवू, असं म्हणत राहिले. परत आले तेव्हा अळ्यांनी एरंडी फस्त केली होती, तिच्यावर पोसून त्या कपाशीत उतरल्या होत्या आणि शेजारच्या सोयाबीनमध्येही गेल्या होत्या.

"थो ओरडला नाही, भांडला नाही," धर्मपाल म्हणाले. "बांधावर उभा राह्यला अन् मनला, साहेब, तुमी माया वावरात पाहुणे जेवाले बोलावले अन् घरच्यायलेच सांगतलं नाही. त्याच्यानंतर मी कोणाले सापळा पीक लावा म्हणून सांगतलं नाही. सरकारी कागदावर लिवून देल्लं, पण तोंडानं नाही."

"तुमी मुद्दाम नव्हतं केलं बाबा."

"मुद्दाम नाही. पण झालं तर माया हातूनच."

उर्वशीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "म्हंजे पोचट फुटू द्याचे नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "गोळा लागला का लगेच मागं घ्याचे. तोफेच्या टप्प्याबाहेर."

"मंग तोफा दुसऱ्या पोचटवर जाईन."

"अन् पयला मागं येऊन वैदूजोळ दुरुस्त होईन, अन् पुन्हा समोर जाईन."

वीस पोचटांना सांभाळणं एका माणसाच्या हातचं नव्हतं. चारच ठेवायचे असं ठरलं. जड तोफांसाठी एक किल्ला, तोही आतून रिकामा, सगळं पोलाद त्याच्या पत्र्यात. शत्रूने त्याच्यावर हवं तेवढं मारत बसावं. आणि खरी लढणारी जहाजं सगळी तलवार, मधल्या मापाची, ना सगळ्यांत मोठी, ना सगळ्यांत पातळ. शत्रूच्या तोफांना ती दिसायची सगळ्यांत शेवटी. उर्वशी जहाजं हलवायची आणि धर्मपाल कोणत्या पोचटवर गोळे वळले ते ओरडून सांगायचे. "दोन! दोन मागं घे! आता चार!" सुरुवातीला तिचा हात चुकायचा, त्यांचा आकडा चुकायचा. आठवड्याभराने दोघांचं जमलं. महिनाभरात ती हरण्यापेक्षा जास्त जिंकायला लागली. संघदीप सुटीला आला तेव्हा बाप आणि बायको खुर्चीला खुर्ची लावून ओरडत बसलेले पाहून तो दारातच उभा राहिला. इंदूबाईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि आत चहा घ्यायला नेलं.

डिसेंबरात यवतमाळच्या एका कॉम्प्युटर क्लासने याच खेळाची जिल्ह्याची स्पर्धा ठेवली. दोघांचा संघ चालणार होता, एक खेळणारा आणि एक शेजारी बसणारा. उर्वशीने नाव दिलं. फॉर्मवर वयाचा रकाना होता, तो भरताना तिने सासऱ्यांना विचारलं आणि एकसष्ट लिहिलं. क्लासच्या माणसाने फोन करून खात्री केली की आकडे उलटे तर पडले नाहीत ना.

हॉलमध्ये सोळा संघ होते. धर्मपाल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वही पिशवीत घेऊन बसले. जो तो त्यांना कोणाचे तरी पालक समजत होता. एका संयोजकाने त्यांना मागच्या खुर्च्यांकडे जायला सांगितलं. "ते खेळणाऱ्यांत हायेत," उर्वशी म्हणाली, आणि तो माणूस सॉरी म्हणून बाजूला झाला.

सकाळच्या तीन फेऱ्या त्यांनी जिंकल्या. दुपारी शेवटची लढत भैरवी देशमुख नावाच्या मुलीशी होती. ती यवतमाळची, इंजिनीअरिंग झालेली, आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ श्रेयस. तीन लढायांत दोन जिंकायच्या होत्या. हात मिळवताना भैरवी धर्मपालांना म्हणाली, "काका, तुम्ही सकाळी आकडे ओरडत होते ना, ते ऐकून मी तुमची मागची लढाई पाहिली. भारी काढलं तुम्ही."

पहिली लढाई त्यांनी सहज मारली. दुसरीत भैरवीने एकही हलकी तोफ आणली नाही. सगळ्या जड. पोचटांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, ते चारही उगाच पुढंमागं होत राहिले. जड तोफांनी रिकामा किल्ला फोडला, जोश मिळवला, आणि मग तलवारी एकेक करून संपवल्या.

तिसऱ्या लढाईआधी तांडा बांधायला पाच मिनिटं होती. धर्मपालांनी वही काढून टेबलावर ठेवली. "ती आता काय आणीन? पुन्हा जडच आणीन का?"

"जड जास्त आणीन. पण थोड्या हलक्याही ठेवीन, आपण वैदू उघडं सोडलं तर म्हणून." उर्वशी वहीची पानं उलटत होती. "बाबा, ते पान कोणतं होतं? दोन किल्ले सारखेच होते ते?"

त्यांना पान आठवत होतं, तेविसावं. तिथे दोन अगदी सारख्या मोठ्या जहाजांसमोर जड तोफा गोंधळल्या होत्या. एक गोळा एकावर, दुसरा दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. दोन्हींना मार लागला पण फुटलं एकही नाही.

"मंग किल्लाच नको," ती म्हणाली. "साऱ्या तलवारी. एका मापाच्या, एक तोळाही कमी-जास्त नाही. मोठं कोणीच नसंल तर मार सगळ्यांवर वाटल्या जाईन. अन् वैदू सगळ्यायले भरून काढीन."

"अन् हलक्या तोफा?"

"दोन पोचट. जास्त ठेवले तर तलवारी हलवाले हात नाही पुरत." ती त्यांच्याकडे वळली. "दोनच हायेत बाबा. आकडा चुकवू नका."

लढाई लागली. भैरवीच्या जड तोफा खरंच आठ तलवारींवर पाळीपाळीने मारत राहिल्या. एकीचा पत्रा उसवला की वैदू तिथे पोचायचं, तेवढ्यात दुसरी उसवायची. धर्मपाल एक, दोन, एक, दोन म्हणत होते. हलक्या तोफा चारच होत्या, पण पोचटही दोनच. नवव्या मिनिटाला त्यांनी "दोन" म्हटलं आणि उर्वशीच्या हाताला अर्धा सेकंद उशीर झाला. दुसरा पोचट फुटला. लगेच पहिला पण फुटला. चारही हलक्या तोफा एकदम वैदूकडे वळल्या.

धर्मपालांचा आवाज बंद झाला. त्यांना आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्यावर वैदूच्या हिरव्या दिव्याभोवती पहिला गोळा फुटला.

उर्वशीने तलवारी सोडल्या. तिने वैदू वळवलं आणि सरळ मागे घेतलं, मागे, अजून मागे, लढाईच्या पार बाहेर, जिथून ते कोणाची दुरुस्ती करू शकणार नव्हतं. दुसरा गोळा त्याच्या शेपटीला लागला. तिसरा पोचला नाही. समोर सहा तलवारी उरल्या होत्या, मोडक्या, आणि भैरवीची तीन जहाजं, तीही मोडकीच. मिनिटभर कोणाचं काय होतंय ते कळत नव्हतं. मग पडद्यावर निकालाची पिवळी पट्टी आली.

"राह्यलं," उर्वशी हळूच म्हणाली. "वैदू राह्यलं, बाबा."

"बेटा, जिंकली तू," धर्मपाल म्हणाले. तिने पट्टीकडे पाहिलंच नव्हतं.

लोक टाळ्या वाजवत होते. भैरवी उठून आली, तिने उर्वशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग धर्मपालांकडे वही मागितली. श्रेयसने एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. "काका, असं कोणीच लिहून ठेवलेलं नाही," तो म्हणाला. भैरवीने उर्वशीचा नंबर घेतला. ती शिकवायची त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणखी एक माणूस हवा होता, आठवड्यातून तीन दिवस.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ उर्वशी आणि शेजारी धर्मपाल बसले होते. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंनी कपाशीची वावरं पांढरी झाली होती. अर्ध्या वाटेवर उर्वशी खिडकीबाहेर पाहतच बोलायला लागली.

"मी त्या दिवशी पाण्याचा हंडा उचललता. आई नको म्हणे, मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुखाले लागलं. डॉक्टरबाई म्हणते का हंड्यानं नाही झालं, बाळाच्याच वाढीत दोष होता, काही केलं असतं तरी राह्यलं नसतं. पण मले वाटते का ती मले बरं वाटावं म्हणून म्हणते."

धर्मपाल लगेच बोलले नाहीत. घाईने बोलून एकदा काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

"डॉक्टरबाईनं मलेही तेच सांगतलं," ते म्हणाले. "तू आत होती तवा. मी एकटाच उभा होतो, मले बरं वाटावं म्हणून सांगाची तिले काही गरज नव्हती. मी विचारलं नव्हतं तरी सांगतलं. मी थे तुले तवाच सांगाले पाहिजे होतं. सांगू, सांगू म्हणत राह्यलो."

उर्वशी त्यांच्याकडे वळली. ती रडत होती, पण तोंड लपवत नव्हती.

"मुलगी होती," ती म्हणाली. "तुमाले माहीत हाय का? कोणी विचारलंच नाही मले. मुलगी असंल तर म्हणून आमी नाव ठरवलं होतं. सुजाता."

"चांगलं नाव हाय," धर्मपाल म्हणाले. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी तिला दिला. मग स्वतःसाठी शोधला तर दुसरा नव्हता, म्हणून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं आणि तिची बाटली पुढे केली. दोघंही पाणी प्यायले.

घरी इंदूबाई दारातच उभ्या होत्या. दोघांचे चेहरे पाहून त्यांना वाटलं, हरले.  उर्वशीने चप्पल काढली, पुढे होऊन सासूच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. धर्मपाल बाजूने आत गेले आणि त्या दिवशी चहा त्यांनी मांडला.

जानेवारीपासून उर्वशी आठवड्यातले तीन दिवस यवतमाळला शिकवायला जाऊ लागली. बाकी दिवसांत कधी राजूरला संघदीपकडे जायची, तिथल्या खोलीत तिने दोन कुंड्या आणि एक चूल मांडली. ती पहिल्यांदा राजूरला राहिली त्याच आठवड्यात कंपनीने खेळाची नवी आवृत्ती काढली आणि तोफांची सगळी रीत बदलून टाकली. वहीतलं एकही पान आता लागू पडत नव्हतं. धर्मपाल घरी एकटे खेळले आणि ओळीने पाच लढाया हरले. पाचव्यानंतर त्यांनी सुनेला फोन लावला.

"बाबा, नवी वही आणली का?" तिने विचारलं.

"आणली. दोन पानं लिवली. आता जड तोफा मोठ्याले मारत नाही. काय पाह्यते कोण जाणे."

"मी परवा येऊन राह्यली. तवापर्यंत खेळू नका, नुसतं लिवत राहा." मागून संघदीपचा हसण्याचा आवाज आला. "अन् आईले सांगा, येताना मी वांगे आणते. तिकडं महाग हायेत म्हणे."

धर्मपालांनी फोन ठेवला, इंदूबाईंना वांग्यांचं सांगितलं, आणि चष्मा पुसून पुन्हा टेबलाशी बसले.